शुशानचा प्रवेश

अमेरिकेतल्या ग्लेनडेलच्या शुशानला दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात चार वर्षं लागली. तिथून पुढे विद्यापीठात आणखी दोन वर्षं काढली की पदवी मिळते. सकाळी बेकरीत काम, दुपारी वर्ग, त्यात गणिताने दोनदा आडवं पाडलं. बरोबरीच्या मुली कधीच विद्यापीठात निघून गेल्या. पण आईने त्यावरून कधी टोमणा मारला नाही की चारचौघांत विषय काढला नाही. शुशानला ते आईचं मोठं मन वाटायचं.

रविवारी अरुसमावशी जेवायला आली होती. तेवढ्यात फोनवर कळलं, विद्यापीठाने शुशानला घेतलं. ती धावतच स्वयंपाकघरात गेली. आई द्राक्षाच्या पानांत खिमा गुंडाळत होती.

"आई, मिळाला गं प्रवेश! विद्यापीठात चालले मी."

आईने तसाच ओला, खारट हात तिच्या तोंडावर दाबला आणि दिवाणखान्याकडे पाहिलं. त्या बुळबुळीत हाताची शुशानला शिसारी आली. तिने तो झटकून टाकला.

 

"हळू बोल गं बाई," आई कुजबुजली. "तू विद्यापीठात गेलीस म्हणून मावशीला मी दोन वर्षांपूर्वीच सांगून बसलेय. तिच्या लेखी पुढच्या महिन्यात तुझं पदवीदान आहे, आणि तिने त्यासाठी नवा ड्रेसही घेतलाय."