मांडीभर गवत

झाशीची हद्द वाढवून कारखान्यांना जागा द्यायची ठरली होती, आणि ती पाहायला सलील आज आला होता. चांगली चारशे पावलं आत शिरून त्यानं मोबाइलवर अहवाल भरला. घर नाही, पीक नाही, पायवाट नाही. गवत तेवढं मांडीभर. 'ताबडतोब ताब्यात घेण्याजोगी', असा शेरा मारून त्यानं तो पाठवूनही दिला.

मग मात्र त्याला काहीतरी खटकू लागलं. दूध आटलं की इकडचे लोक गाई मोकाट सोडतात. येताना रस्ताभर त्याच तर जीपला आडव्या येत होत्या, दुसऱ्यांच्या शेतांत घुसत होत्या. आणि इथे एवढं हिरवंगार गवत असून साधा शेणाचा पोसुद्धा कसा नाही?

"भैया, हिलियो मत!" रस्त्यावरून एक म्हातारा गुराखी जिवाच्या आकांतानं ओरडला. "पुरानी चांदमारी है! फौज के गोले दबे हैं, फटते हैं! जहाँ-जहाँ पाँव धर के गए हो, वहीं धर के लौटो!"

सलीलनं हळूच मान वळवून मागे पाहिलं.

तुडवलेलं गवत केव्हाच पुन्हा उभं राहिलं होतं.