काट्याची वायर

सचिवांनी वजनकाट्याची संगणकाला जोडलेली वायर उपटली आणि दूध संस्थेच्या छपरावरचा भोंगा बोलू लागला, “काट्याची वायर काढली आहे. आकडा काट्याचा नाही.”

संगणकापुढं बसलेल्या वैजयंतानं सचिवांकडं बघितलं. रोज गर्दी वाढली की सचिव हळूच वायर काढायचे आणि आठ लिटरचं साडेसात तिलाच संगणकात टाकायला लावायचे. पाप त्यांचं, बोटं हिची. शेवटी मोबाइलवर वाचत, चुकत, तिनं संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीत चार ओळींचा नियम लिहिला. वायर निघाली की भोंगा आपोआप सुरू होणार, कुणी बटण दाबायला नको.

रांगेतल्या माणसांनी किटल्या खाली ठेवल्या. सगळे सचिवांकडं बघू लागले. आता यांची काही धडगत नाही, वैजयंताला वाटलं.

सचिव मात्र हसले. “ज्याला शंका असंल त्यानं दूध माघारी न्यावं. उद्यापासनं आणूबी नये.”

पंचक्रोशीत दुसरी संस्था नव्हती. माणसांनी किटल्या पुन्हा उचलून रांग धरली, भोंगा तेवढा ओरडत राहिला.

मग सगळ्यांत पुढं उभी असलेली म्हातारी हलली. वैजयंताची सासू. तिच्याच दोन म्हशींचं दूध रोज कमी भरायचं, तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. ही काही सोडायची नाही, म्हणून वैजयंता खुर्चीतून अर्धी उठली.

सासूनं किटली काट्यावर ठेवली आणि सचिवांपुढं हात जोडले.

“टाका दादा, तुमास्नी वाटंल त्यो आकडा टाका. आमची सून जरा जास्त शिकलीया.”