मुखवट्याचं माप

पहिल्याच प्रवेशात ओर्सोला धाडकन पडली आणि सगळा चौक हसला. तिसऱ्या बाकावर बसलेला तिचा बाप, झुआने, तेवढा हसला नाही. पडण्याआधी डावा पाय किंचित घसरायला हवा. घसरला होता. कोपर फळीवर वाजायला हवं. वाजलं होतं. चूक काही सापडत नव्हती, आणि त्याचाच त्याला राग येत होता.

इटलीतल्या किओज्जा गावाच्या या मासळीबाजाराच्या चौकात चाळीस वर्षं तो नाटकात नोकराचं काम करत आला होता. लांब नाकाचा तो काळा चामडी मुखवटा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आतला झुआने मात्र कोणी पाहिला नव्हता. मुखवटा चढवूनच गाडीतून उतरायचं आणि चढवूनच परत गाडीत शिरायचं, ही त्यांच्या मंडळीची रीत. म्हणून तर आज गुडघ्याला पट्टी बांधून उघड्या तोंडानं तो गर्दीत बसला, तरी कोणी ढुंकून पाहिलं नाही.

गुडघा गेल्या आठवड्याच्या खेळात गेला. "मी करते," ओर्सोला म्हणाली. तीस वर्षांची बाई, पण आयुष्य गेलं पडद्यामागे कपडे शिवण्यात. बायकांनी नायिका व्हावं, कोणाची हरकत नव्हती. पण उघड्या चेहऱ्यानं. मुखवटा पुरुषाचा. झुआनेनंतर तो त्याच्या पुतण्याला, तोनिनला जाणार, हे सगळे धरूनच चालले होते.

ती तीन दिवस मागे लागली, तेव्हा झुआने चिडून म्हणाला, "कर. पण चौकातला एक माणूस जरी म्हणाला की हा झुआने नव्हे, तर मुखवटा तोनिनचा. पुन्हा नाव काढायचं नाही."

"कबूल," ती म्हणाली आणि नाकापाशी कापूस कोंबून तिनं मुखवटा चढवला. इतक्या वर्षांत ते चामडं झुआनेच्याच चेहऱ्यावर बेतलं गेलं होतं. दुसऱ्याच्या मापाचं करायचं तर ते भिजवून त्या चेहऱ्यावर वाळवावं लागतं. मग ते पहिल्याला परत कधी बसत नाही.

झुआनेच्या शेजारी मेनेगा मासळीवाली बसली होती. तोंडाची फटकळ, आणि एकही खेळ न चुकवणारी. झुआनेनं खडा टाकून पाहिला. "आज आवाज जरा वेगळा वाटत नाही?"

"सर्दी झाली असेल. आणि मध्ये बोलू नका आजोबा, सकाळपासून जागा धरून बसलेय मी."

मग घागऱ्याचा प्रवेश आला. चिक्कू मालकाला फसवायला नोकर श्रीमंत विधवेचं सोंग घेतो आणि म्हातारा आपल्याच नोकरावर भाळतो. झुआने बाकावर पुढे सरकला. इथं ही पकडली जाणार. जातीची बाई, घागरा घातला की बाईसारखीच चालणार.

ओर्सोला आली ती गुडघे फाकवून, घागरा दोन्ही मुठींत आवळून, चिखलातून निघालेल्या बैलासारखी.

मेनेगा डोळे पुसत हसत होती. "चाळीस वर्षं झाली, पण मेल्याला बाई काही जमली नाही. बाई अशी चालते होय?"

झुआने चाट पडला. इतकी वर्षं तो समजत होता की आपण बाई हुबेहूब उभी करतो. आणि पोरीनं त्याची ती खोडही जशीच्या तशी उचलली होती. बाई असून ती बाईचं सोंग घेतलेला पुरुष झाली होती, आणि तो पुरुष तिचा बाप होता. पडद्याच्या फटीतून किती बघितलं असेल हिनं. त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात ओर्सोलानं वाइननं भरलेला पेला उचलला आणि घागऱ्यासकट कोलांटी मारली. थेंब सांडला नाही. घागऱ्यात ती कोलांटी झुआनेनं उभ्या जन्मात मारली नव्हती. धाडसच झालं नव्हतं.

"हे नवीन दिसतंय," मेनेगा पुटपुटली. झुआने दचकून तिच्याकडे वळला, पण ती हसत होती. "म्हातारपणी रंगात आलाय पठ्ठ्या."

खेळ संपला. चौक झुआनेच्या नावानं दणाणला. आता मात्र त्याला राहवेना. दुखऱ्या गुडघ्यावर तो उभा राहिला आणि छाती पुढे काढून ओरडला, "अरे, हा झुआने नव्हे. झुआने मी आहे. ती माझी लेक आहे, ओर्सोला."

आजूबाजूचे खो खो हसले. मेनेगानं सदऱ्याला धरून त्याला खाली ओढलं. "बसा आजोबा. आज सगळ्या गावालाच झुआने व्हावंसं वाटतंय."

तो गाडीत शिरला तेव्हा ओर्सोला मुखवटा मांडीवर घेऊन घाम पुसत होती. "बाबा, कोणी काही म्हणालं?"

"एक जण म्हणाला. उभा राहून, सगळ्यांसमोर. म्हणाला, हा झुआने नव्हे."

तिचा चेहरा उतरला. तिनं मुखवटा पुढे केला. "कोण होता?"

"होता एक म्हातारा. कोणाचा विश्वास बसला नाही." झुआनेनं मुखवट्याच्या नाकातला कापूस बोटानं उपसून गाडीबाहेर फेकला, मुखवटा तिच्या हातात परत ठेवला आणि पाण्याचं घमेलं तिच्याकडे सरकवलं. "चामडं भिजत घाल. तुझ्या नाकाला सैल होतंय."