सरांचा हातखंडा धडा

तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. विषाणूचा धडा म्हणजे माझा हातखंडा. "त्याला हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. पण लबाड एवढा, की ओळखीचा चेहरा लावून पेशीलाच दार उघडायला लावतो आणि आतल्या राखणदारांना पत्ता लागू देत नाही," असं सांगताना मी स्वतःच रंगून जायचो.

परवा दीड महिन्याच्या नातीला बघायला लेकीकडे निघालो, तर सकाळपासून अंगात कणकण आणि नाक गळतंय. लेकीचा नियम कडक: सर्दीवाल्याने बाळाजवळ फिरकायचं नाही. मी गुपचूप तापाची गोळी घेतली, नाकात थेंब टाकले, लेकीनेच विणलेला स्वेटर चढवला आणि टॅक्सीत बसलो. दारात जावई थर्मामीटर घेऊन उभाच होता. ताप शून्य. "या बाबा, तुम्ही काय परके आहात?" म्हणत त्याने बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आज लेकीचा फोन आला. ती आणि जावई दोघंही शिंकतायत, आणि नाक चोंदल्यामुळे नात दूधही धड पीत नाहीये, म्हणून डॉक्टरांकडे निघालेत.

"बाबा, एवढी काळजी घेऊनही हा विषाणू घरात शिरला तरी कसा हो?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच हा धडा रंगवायचा सोडून सरांनी हळूच नाक पुसलं.

पाय नसलेल्या त्या बिचाऱ्याला मीच टॅक्सीने घरपोच सोडून आलो होतो.