मेरुमणी

बाबांचा अंगठा हलला. लेकीने आधी पंख्याच्या वाऱ्यावर संशय घेतला, मग स्वतःच्या डोळ्यांवर, आणि मग धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना जवळजवळ ओढतच खाटेपाशी आणलं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा नुसते पडून होते. बोलणं नाही, ओळख नाही. त्यांना काही कळतंय असं दिसलं तर व्यायामाच्या विभागात हलवायचं, नाहीतर आजच घरी न्यायचं, असं ठरलं होतं. आईने कपडेही भरून ठेवले होते. भरता भरता तिला काय वाटलं कोण जाणे, त्यांची रुद्राक्षाची जपमाळ तिने त्यांच्या उजव्या हातात दिली. तो हात त्यातल्या त्यात बरा राहिला होता.

आता मधल्या बोटावर माळ आणि अंगठा एकेक मणी ओढतोय. लेक नाचायचीच बाकी होती. डॉक्टरीणबाईंनी मात्र हळूच समजावलं, की आयुष्यभर शिवणकाम आणि रोज जप केलेली बोटं आहेत, सवयीनेही हलतात, त्यामागे जाणीव असेलच असं नाही. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पण खोटी आशा लावणं त्यांना जमत नव्हतं.

अंगठा गोंड्याजवळच्या टपोऱ्या मण्यापाशी आला आणि थांबला. लेकीला वाटलं, अडकला. आधीच उतावळी, त्यात जन्मात कधी माळ हातात धरलेली नाही. तिने तो मणी पटकन पुढे सरकवला आणि पलीकडचा मणी बाबांच्या अंगठ्याखाली आणून ठेवला.

"अगं, काय केलंस? तो मेरू आहे," आई म्हणाली. "मेरू ओलांडत नाहीत. त्याला गुरू मानतात. तिथे मनातल्या मनात नमस्कार करायचा आणि माघारी वळायचं."

अंगठा निपचित पडला. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मणी उलटा सरकला. मेरू परत अंगठ्याखाली आला. बोटं चाचपडली, माळ एकदा सटकली, कुणीही मदतीला हात पुढे केला नाही. पुन्हा चाचपडून बोटांनी माळ फिरवली आणि अंगठा आल्या वाटेने माघारी निघाला.

"ही सवय नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज चढला होता. "चूक झालेली कळली त्यांना." त्या बाबांच्या कानाशी वाकल्या आणि आपलं बोलणं ऐकू येतंय का, असं त्यांनी मोठ्याने विचारलं.

अंगठा चालूच राहिला. पण तर्जनी, जी जपात माळेला लावत नाहीत, ती हळूहळू वर उठली आणि तशीच उभी राहिली.

आई हसता हसता रडायला लागली.

"थांबा म्हणतायत. जपात कुणी मध्ये बोललेलं चालत नाही त्यांना," ती म्हणाली. "आयुष्यभर राग राग केला हो मी या बोटाचा."