टेबलाखालची घंटा

"दाबा, दाबा, लाजू नका," वाटाड्या म्हणाला. त्याच्या टोपीवर नौदलाचे बिल्ले होते आणि आवाजात लग्नघरातल्या काकाचा उत्साह.

आता संग्रहालय झालेल्या पाणबुडीच्या अधिकाऱ्यांच्या टेबलाशी तीन पर्यटक दाटीवाटीने बसले होते. त्यांच्यातल्या एकीने टेबलाखालचं बटण दाबलं. घंटा वाजली आणि शेजारच्या चिंचोळ्या मुदपाकातून ध्वनिमुद्रित आवाज आला, "आलो, साहेब!" फिलिपिनो माणूस इंग्रजी बोलताना जसा बोलतो असं गोऱ्यांना वाटतं, तसा वाकडा, केविलवाणा. सगळे खिदळले. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

मिलाग्रोस दारातच उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई, दुखरे गुडघे घेऊन ती उभी शिडी उतरली होती. तिचे वडील फेर्मिन दुसऱ्या महायुद्धभर याच पाणबुडीवर वाढपी होते. फिलिपिनो पोरांना अमेरिकन नौदल तेव्हा दुसरं काम देतच नसे. शत्रूचं जहाज दिसलं की मात्र त्याच हातांनी तोफेला गोळे पुरवायचे. तोफेने त्यांचा उजवा कान कायमचा नेला. तरी म्हातारपणीही घरी दाराची घंटा वाजली, की तातय, म्हणजे तिचे वडील, ताटावरून ताडकन उठत आणि सदरा नीट करत. पोरं हसत. मिलाग्रोसही हसायची.

"वाढपी झोपायचे कुठे?" तिने विचारलं.

"पुढच्या भागात, टॉर्पेडोंच्या वर. पण तो भाग आज दुरुस्तीसाठी बंद आहे, बाई."

"घंटा बरी चालू ठेवलीत."

वाटाड्या ओशाळला. "मुलांना गंमत वाटते हो. वाईट वाटून घेऊ नका."

मिलाग्रोस पुढे झाली, वाकली आणि तिने बटण दाबलं.

"आलो, साहेब!"

कुणीतरी पुन्हा हसलं. तिने परत दाबलं. परत. चौथ्या वेळी कुणी हसलं नाही.

"बाई, पुरे आता," वाटाड्या हळू आवाजात म्हणाला. "मागे रांग खोळंबलीय."

"माझे वडील होते ते. इथले वाढपी."

"मग तर आम्हाला त्यांचा अभिमानच आहे."

"अभिमान आहे ना? मग इतक्यांदा येतोय बिचारा, कुणीतरी खाली बस म्हणा त्याला."

वाटाड्याने टोपी काढली. मिलाग्रोसने अंगठा बटणावरून उचलला नाही. घंटा वाजत राहिली, मुदपाकातला तो नकली माणूस येत राहिला.

शेवटी टेबलाशी बसलेली ती बाई उठली. मग उरलेले दोघेही उठले. तिन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या, तरी कुणी बाहेर गेलं नाही. सगळे भिंतीला टेकून मुदपाकाच्या दाराकडे बघत उभे राहिले.