सिरिलचा हॉर्न

यॉर्कशायरच्या खाणीत तीस वर्षं काढलेल्या ईनॉकला आता बँडमधला ट्यूबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, उचलवेना. उजवा खांदा कामातून गेला होता, छातीत कोळसा बसला होता. म्हणून आमच्या बँडमास्तर क्लेगनी कपाटातला जुना हॉर्न काढला.

"घे. पिसासारखा हलका आहे. आपला सिरिल वाजवायचा हा. तो मेल्यापासून तीन वर्षं कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"हलका कसला, उपाशी वाटतोय," ईनॉक हसला.

वाजवायला घेण्याआधी हॉर्नमधलं पाणी काढायचं, ही आम्हा सगळ्यांची सवय. फुंकणाऱ्याच्या श्वासाचंच पाणी ते. ईनॉकने कळ दाबली. फरशीवर काळे थेंब पडले. मी बोट लावून पाहिलं, तर कोमट.

"मास्तर, हे पाणी कुणाचं?"

"तुझ्या बापाचं! वाजवू दे त्याला."

ईनॉकने हॉर्न ओठांना लावला. सूर असा भरदार निघाला, की तेवढा दम त्याच्यात तरुणपणीही नव्हता. पण त्याचे गाल फुगले नव्हते, आत ओढले गेले होते. दोन्ही हातांनी तो हॉर्न ओठांपासून उपटू पाहत होता.

समोरच्या सुरावटीच्या कागदावरून मान वर न करता मास्तर म्हणाले, "वा! आता तसाच धर. अजून सोळा मात्रा."